न उष्टावलेलं टेबल

फेलिज्मिनाच्या हातचं भट्टीतलं करडू ज्यानं खाल्लं नाही त्याचा आमच्या कोदेसाल गावातला जन्म फुकट गेला, असं माझा नवरा झेफेरिनो म्हणायचा. आणि म्हणायचा कुठे, तर माझ्याच स्वयंपाकघरात बसून, माझ्याच हातचं खाता खाता! मी म्हणायचे, "मग जा की तिकडेच राहायला, मेल्या." पण खरं सांगायचं तर तो खोटं बोलत नव्हता.

आमची गल्ली चर्चपासून उतरत खाली येते. वर सेन्योर अबिलियोचं दगडी दुमजली घर, मग फेलिज्मिनाचं, मग आमचं. तिच्या दाराला दिवसा कधी कडी नसायची. बाहेरून कुणीही हाक मारली की आतून आवाज यायचा, "आत या! कोण आहे?" आधी आत या, मग कोण आहे ते बघू. रस्ता खणणारे मजूर, विजेच्या तारा ओढायला आलेली पोरं, फ्रान्सहून सुट्टीला आलेले आमचेच लोक, वाट चुकलेला फेरीवाला, सगळ्यांना एकच पाहुणचार. मक्याच्या पावाचा जाड तुकडा, कोबीचं गरम सूप, त्यात सॉसेजची एक चकती, आणि पांढऱ्या वाडग्यात लाल वाइन. वाडगा रिकामा दिसला की ती विचारायचीसुद्धा नाही, भरायची. माणूस नको नको म्हणायचा आणि प्यायचा.

तिच्या मयताला पाद्री म्हणाला की ही बाई संत होती. सगळ्यांनी माना हलवल्या, बायकांनी डोळे पुसले. मी पण पुसले. पण मनात म्हटलं, संत? कसली संत! ही बाई आयुष्यभर एका माणसाची जिरवत आली. आणि चांगली जिरवली. मी तिची कोमाद्रे, म्हणजे माझी थोरली सेलेस्त तिची धर्मकन्या. मी नाही सांगणार तर कोण सांगणार?

तर झालं असं. तिचा बाप गास्पार, पिंपं बनवणारा. हात मोठाले, बोलणं कमी. उन्हाळ्यात आमच्या मक्याला पाटाचं पाणी पाळीपाळीनं मिळतं. आपली पाळी संपली की पाटातला दगड सरकवायचा, म्हणजे पाणी पुढच्याच्या शेतात जातं. सेन्योर अबिलियोचा दगड काही वेळेवर सरकायचा नाही. खालच्या लोकांचा मका करपायचा आणि त्याचा डोलायचा. सगळ्यांना माहीत, सगळे गप्प. गावातला बडा माणूस, चर्चचं छप्पर त्यानं घालून दिलेलं, म्हातारा पाद्री रविवारी त्याच्याकडे जेवायला. शेवटी वरून कुणी साहेब चौकशीला आला. पाटावर उभं करून एकेकाला विचारलं. सगळ्यांनी पायाकडे पाहिलं. गास्पार म्हणाला, "दगड तो सरकवत नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." झालं! साहेबानं अबिलियोला सगळ्या गावादेखत खडसावलं, आणि त्यानं सगळ्या गावादेखत स्वतःच्या हातानं तो दगड सरकवला. बुटात पाणी गेलं त्याच्या. आम्ही खालच्या बायका डोक्याच्या रुमालाआड काय हसलो म्हणता!

हसायला नको होतं, पण हसलो. त्याचा हिशेब त्यानं पुढच्या ईस्टरला चुकता केला.

त्या वर्षी क्रुसाचा मानकरी अबिलियो होता. ईस्टरच्या रविवारी आमच्याकडे क्रूस घरोघर येतो. पुढे घंटीवाला, मग क्रूस घेतलेला मानकरी, मग पवित्र पाण्याचं भांडं, मग पाद्री, सगळ्यांच्या अंगात लाल झगे, आणि मागून सगळी गल्ली. ज्याला क्रूस घरात हवा तो पायरीपुढे फुलं पसरतो. कॅमेलियाच्या पाकळ्या, रोझमेरी, बडीशेपेचा पाला. फुलं म्हणजे या. कोरी पायरी म्हणजे नको. याहून जास्त बोलावं लागत नाही. क्रूस आत येतो, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापासून सगळे त्याला ओठ टेकतात, पाणी शिंपडलं जातं, आणि मग मांडलेल्या टेबलावरचं काहीतरी पाहुण्यांनी तोंडात टाकायचं. घासभर का होईना, पण टाकायचं. टेबल उष्टावलं गेलं की घरधनीण वर्षभर ताठ मानेनं चालते. फुलं पसरलेल्या दारावरून क्रूस पुढे गेला, असं आमच्या गावात कुणी कधी पाहिलेलं नव्हतं.

गास्पारचे पाय त्या हिवाळ्यात गेले होते. हा आपला शेवटचा ईस्टर हे त्याला कळत होतं, आम्हालाही कळत होतं. फेलिज्मिनानं सकाळीच त्याची दाढी केली, लग्नातलं जाकीट चढवलं, खुर्ची दारासमोर आणून त्यात त्याला बसवलं. "क्रूस घरात आला, मी ओठ टेकले, की झालं माझं," तो म्हणत होता. टेबलावर आईच्या हातची लिननची चादर. दुधात आटवलेल्या शेवया, वर दालचिनीची नक्षी. मातीच्या साच्यातला अंड्यांचा केक, मधे ओलसर. डुकराच्या धुरावलेल्या मांडीचे काप. गरीब घर, पण तिनं काही कमी केलं नव्हतं. मी सेलेस्तला कडेवर घेऊन तिच्या दारातच उभी होते, आमचं घर सासूबाई बघत होत्या.

अबिलियो क्रूस घेऊन आपल्याच घरातून बाहेर पडला. मिशीला केकचा चुरा. उतरत उतरत फुलांपाशी आला. थांबला. मला वाटलं, आता वळेल. त्यानं फुलांकडे पाहिलं, आत खुर्चीतल्या गास्पारकडे पाहिलं, अगदी नीट पाहिलं, आणि फुलांना वळसा घालून खाली चालू लागला. एका पाकळीला पाय लागू दिला नाही हो! पाद्री एकदा अडखळला, तोंड उघडलं, मिटलं, आणि निमूट क्रुसामागून गेला. बाकीचे पाद्र्यामागून.

"मिना," गास्पार म्हणाला, "घंटी लांब का चाललीय?"

"येतील, बाबा. खालची घरं करून येतील."

मी तिच्याकडे बघू शकले नाही. दुपार झाली. ती टेबलावरच्या माश्या हाकत उभी होती. फुलं सुकली. शेवटी म्हातारा म्हणाला, "जाकीट काढ माझं. उकडतंय." त्यानंतर तो क्रुसाचं नाव बोलला नाही. मक्याची पेरणी व्हायच्या आत गेला.

मयताहून परतताना गल्लीच्या तोंडाशी तिनं माझा दंड धरला. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. "कोमाद्रे, माझ्या बाबांचं टेबल यानं तसंच ठेवलं. याचं टेबल मी तसंच ठेवणार. हा जिवंत असेपर्यंत." मला वाटलं, दुःखात बोलतेय, बोलू दे. मी म्हटलं, "हो गं बाई, चल आता." पण ती बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती.

पुढच्या वर्षी मानकरी बदलला आणि घंटी माझ्या झेफेरिनोकडे आली, ती पुढे कायमचीच त्याच्याकडे राहिली. फेलिज्मिनानं पुन्हा फुलं पसरली. पण त्याआधी आदल्या दिवसापासून तिनं एक करडू मुरवत ठेवलं होतं. लसूण, तेजपत्ता, पांढरी वाइन, डुकराची चरबी, आणखी काय काय, ते तिनं मला कधी सांगितलं नाही. मी इतक्या वर्षांची कोमाद्रे! द्राक्षाच्या छाटणीच्या काटक्यांनी भट्टी लालबुंद केली, खाली तांदळाचं मातीचं भांडं, वर करडू, म्हणजे रस सगळा भातात. मग भट्टीचं तोंड पिठाच्या गोळ्यानं लिंपून टाकलं. वासाचा एक कण बाहेर नाही. आणि स्वतः दाराशी कान देऊन बसली.

घंटी अबिलियोच्या घरात शिरली. ती हलली नाही. आत प्रार्थना झाली, क्रुसाला ओठ टेकून झाले, आणि आता दोना ग्रासिएत, म्हणजे अबिलियोची बायको, "घ्या ना, घ्या ना" म्हणत ताटं पुढे करणार, त्या क्षणी हिनं कोयतीच्या मुठीनं पीठ फोडलं आणि भट्टीचं तोंड मोकळं केलं.

आमच्या गल्लीत वारा खालून वर वाहतो. बाकी काही सांगायला नको.

झेफेरिनोनं घरी येऊन सांगितलं ते असं. "अगं, मी त्यांच्याकडचं बिस्किट हातात घेतलं होतं. तोंडापाशी नेलं. आणि तो वास आला. मी पाद्र्याकडे बघितलं, पाद्र्यानं माझ्याकडे बघितलं. ईस्टरआधीचे चाळीस दिवस उपास काढलेले आम्ही, मांस नाही की चरबी नाही! मी बिस्किट परत ताटात ठेवलं."

"ठेवलंस? हातात घेतलेलं?"

"मग काय करू? पोटात जागा एवढीशी. पाद्री म्हणाला, 'दोना ग्रासिएत, माफ करा, पोट भरलंय,' आणि पायऱ्या असा उतरला, असा उतरला, की पाणीवाल्याचं अर्धं पाणी सांडलं."

आणि फेलिज्मिनाकडे ते जेवले. क्रुसाला भिंतीशी टेकवून, झगे वर खोचून जेवले. भाताचं भांडं पावानं पुसून काढलं. मागून आलेली गल्ली जेवली. रात्रीपर्यंत उरायचं काय? हाडं. तिनं स्वतः एक घास खाल्ला नाही. मी म्हटलं, "अगं, तू पण बस." ती म्हणाली, "अजून नाही." अंधार पडल्यावर उभ्या उभ्या सूप प्यायली तेवढंच. करडू ती वर्षातून एकदाच करायची, ईस्टरला, आणि ते कधीच तिच्या तोंडाला लागलं नाही. दर वर्षी मी विचारायचे, दर वर्षी तेच. अजून नाही.

वर अबिलियोच्या घरात चांदीच्या ताटांतलं सगळं जसंच्या तसं. दोना ग्रासिएत बिचारी, तिचा यात काय दोष, पण मांडीचे काप असे पातळ कापायची की त्यातून पलीकडची भिंत दिसावी. मी मुद्दाम मागे थांबून पाहिलं. टेबल कसं राहिलंय ते पाहिलं, आणि मला आनंद झाला. झाला तर झाला!

पहिल्या वर्षी त्यानं कानाडोळा केला. दुसऱ्या वर्षी त्याला कळलं. तिसऱ्या वर्षी ब्रागा शहरातून हलवाई आणला. साखरेचे मनोरे, बदामाची कमळं, डुकराच्या पिल्लाच्या तोंडात संत्रं, काय विचारू नका. पाहुण्यांनी वाहवा केली, हात पाठीमागे बांधून. "काय सुंदर, सेन्योर! किती मेहनत! नको, नको, पोट भरलंय." आणि खाली गल्लीत भट्टीचं तोंड फुटलं. झेफेरिनो सांगायचा, अबिलियो दारात उभा राहून त्यांना खाली धावताना बघायचा, आणि त्याच्या मानेवरची शीर अशी उडायची.

मग त्यानं डोकं चालवलं. पाद्र्याला गाठून त्यानं फेरीची दिशाच बदलून घेतली. खालून वर. म्हणजे आधी आमचं घर, मग फेलिज्मिना, मग तो. मोठ्या माणसाची अक्कल बघा! ते बिचारे तिच्याकडे कंबरेचे पट्टे सैल करेपर्यंत जेवले आणि मग त्याच्या दगडी पायऱ्या चढले. त्या वर्षी पाद्र्याला केकचा नुसता तुकडा दाखवला तर त्यानं तोंडावर रुमाल धरला. पाणीवाला त्याच्या मखमली खुर्चीत बसला तो घोरायलाच लागला. पुढच्या वर्षी फेरी गुपचूप वरून खाली झाली.

फेलिज्मिनाला मी हे सगळं सांगायचे तेव्हा ती हसायची नाही. पीठ मळत असायची. "काहीच नाही खाल्लं?" एवढंच विचारायची.

"काही नाही. एक बदामसुद्धा नाही."

"बरं," म्हणायची, आणि पीठ उलटायची.

आता तुम्ही म्हणाल, बाकी वर्षभर जो येईल त्याला खाऊ घालणारी बाई, तिचं मन एवढं कसं दगड? मी पण एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "ज्यांना घालते त्यांच्यापैकी कुणी माझ्या बाबांना बसवून ठेवलं नव्हतं." आणि आणखी एक. तिला गाव आपल्या बाजूला हवं होतं. सगळं गाव. एकेक वाडगा भरून तिनं ते मिळवलं. त्या दिवशी ज्यांनी माना खाली घालून क्रुसामागून पाय उचलले होते, त्यांच्याही पोटात तिचं अन्न गेलं. माणूस ज्याच्याकडे जेवतो त्याच्या दारावरून मान फिरवून जाऊ शकत नाही. निदान आमच्याकडे तरी नाही.

राज्य बदललं, पाटाला सिमेंट आलं, म्हातारा पाद्री गेला. दोना ग्रासिएत गेली. अबिलियोची मुलं फ्रान्समध्ये, लियॉनला; मुलगी ओतीलिया तेवढी त्याच्याजवळ. मग त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. पलंग त्यानं गल्लीवरच्या खोलीत आणून घेतला. खिडकीतून येणारे-जाणारे बघायचा, आणि फेलिज्मिनाकडे शिरणारे मोजत बसायचा असणार, दुसरं काय काम?

त्याच हिवाळ्यात नव्या पाद्र्यानं विचारलं, यंदा क्रुसाचा मानकरी कोण? मागून कुणीतरी म्हणालं, "फेलिज्मिना मावशी." एक-दोन म्हातारे कुरकुरले की बाईमाणसाच्या हातात क्रूस कसा. पाद्री म्हणाला, "का नको?" मग हात वर झाले. ज्यांनी ज्यांनी तिच्याकडे खाल्लं होतं त्यांचे, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांचे. मी तिच्याकडे बघितलं. ती वर झालेले हात एकेक करून मोजत होती.

सगळ्या गावाला एकच प्रश्न. ती अबिलियोच्या दारात जाणार की फुलांना वळसा घालणार? दुकानात तेच, पाण्यावर तेच. झेफेरिनो म्हणायचा, "नाही जाणार. मी असतो तर नसतो गेलो." मी म्हणायचे, "तू करडासाठी नरकातसुद्धा जाशील, तू गप्प बस." पण मला स्वतःला माहीत नव्हतं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे लसूण सोलत बसले होते. दारात ओतीलिया आली. त्या घरातलं माणूस या उंबऱ्याशी इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"आत या, कोण आहे?" फेलिज्मिना पाठमोरी होती. वळली, बघितलं. "बस," म्हणाली.

ओतीलिया बसली नाही. "मावशी, बाबांचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा दिसायचा नाही. ते रोज विचारतात, क्रूस येईल का. बोलता येत नाही, बोटानं दारावर दाखवतात. मी त्यांना काय सांगू?"

फेलिज्मिनानं वाडग्यात सूप वाढलं, पाव कापला, तिच्यापुढे ठेवला. "खा आधी. वाळलीयेस नुसती." ओतीलियानं रडत रडत खाल्लं. तिचं झाल्यावर ही म्हणाली, "बाबांची दाढी करून ठेव उद्या सकाळी."

"आणि?"

"आणि फुलं पसर."

याचा अर्थ हो की नाही, ते काही कळेना. ओतीलिया माझ्याकडे बघायला लागली. मी लसणाकडे बघितलं. फुलं तर हिनंही पसरली होती एकदा.

रविवारी तिनं लाल झगा घातला. भट्टी लिंपून झाली होती, सेलेस्तला भट्टीपाशी बसवलं. मी विचारलं, "आज केव्हा फोडायचं?" ती म्हणाली, "नेहमीच्या वेळी." नेहमीची वेळ म्हणजे अबिलियोच्या टेबलाची.

वरच्या गल्लीतली घरं झाली. झेफेरिनोची घंटी, मग ती, दोन्ही हातांनी क्रूस धरून. अबिलियोच्या पायऱ्यांपुढे फुलांचा हा एवढा थर, बाग ओरबाडली होती ओतीलियानं. घंटी थांबली. मागे सगळं गाव थांबलं. खिडकीत तो दिसत होता, उशांना टेकवून बसवलेला, गुळगुळीत दाढी, गळ्यात टाय. डोळे क्रुसावर. ती फुलांच्या कडेला उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली. किती वेळ? त्याचा डावा हात खिडकीच्या काचेवर आला.

तिनं फुलांवर पाय ठेवला. मधोमध.

आम्ही सगळे आत घुसलो. टेबल मांडलेलं होतं, चांदीची ताटं, केक, शेवया. ती थेट पलंगापाशी गेली, क्रूस वाकवला, त्याच्या वाकड्या तोंडापाशी धरला. त्याला नेम जमेना, तिनं दुसऱ्या हातानं त्याचं डोकं सावरलं. त्यानं ओठ टेकले. आणि रडायला लागला, लहान पोरासारखा, नाकातोंडातून. पाद्र्यानं पाणी शिंपडलं. ओतीलिया गुडघ्यांवर बसली.

नेमका तेव्हाच खिडकीतून वास आला. सेलेस्तनं भट्टी फोडली होती.

"गा... गास्पार," अबिलियो म्हणाला. जीभ ओढत ओढत. "माफ... माफ कर, मिना."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती सरळ उभी राहिली.

"माफी याच्याकडे मागा, सेन्योर," ती क्रुसाकडे मान करून म्हणाली. आवाज चढला नाही. "याला मी तुमच्या घरात आणलंय. माझ्या बापाला तुम्ही तेवढंही मिळू दिलं नाहीत. हे देवाचं होतं, ते दिलं. माझ्याकडे तुमच्यासाठी काही नाही."

पाद्री हळूच म्हणाला, "मावशी, आज ईस्टर आहे."

"म्हणून तर आत आले, फादर."

ओतीलिया ताट घेऊन धावत आली. "मावशी, एक घास. टेबल नुसतं उष्टावा. बाबांसाठी नको, माझ्यासाठी." अबिलियोचा डावा हात टेबलाकडे गेला, घ्या, घ्या. डोळ्यांतून पाणी चालूच.

फेलिज्मिनानं ताटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "पोट भरलंय," म्हणाली.

आणि वळली. पाद्र्याच्या हातात बिस्किट होतं. त्यानं ते जागेवर ठेवलं. झेफेरिनोनं घंटी वाजवली. आम्ही एकेक करून बाहेर पडलो आणि कुणी, कुणी म्हणजे कुणीही, एक बदामसुद्धा उचलला नाही. दारातून मी मागे वळून पाहिलं. टेबल जसंच्या तसं, आणि तो त्याच्याकडे बघत बसलेला. तो उन्हाळा लागायच्या आधीच गेला. फेलिज्मिना त्याच्या मयताला गेली नाही.

पण त्या दिवशी ती खाली आपल्या घराकडे आली, आपल्याच पायरीवरच्या फुलांवरून आत गेली. गास्पारची खुर्ची दारासमोर ठेवली होती, पाठीवर ते लग्नातलं जाकीट. तिनं क्रूस जाकिटाला टेकवला, जरा वेळ तसाच धरला. मग क्रूस झेफेरिनोच्या हातात दिला, लाल झगा काढून खुंटीला लावला, बापाच्या खुर्चीत बसली आणि खुर्ची टेबलाशी ओढली.

"कोमाद्रे," ती म्हणाली, "आता वाढ मला."

भरल्या उजेडात! मी वाढलं. भात, करडाची मांडी, वर रस. घाईघाईत निम्मं चादरीवर सांडलं. तिनं पहिला घास घेतला, सावकाश चावला, गिळला. सगळी गल्ली तिच्या तोंडाकडे बघत उभी.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं बकाबका खाताय सगळे, एकानं सांगितलं नाही मला!"

आणि ताट पुन्हा पुढे केलं.